करवंदीच्या कुंपणातलं भोक

मुलांनो, सरसावून बसा, आज शर्यतीची गोष्ट आहे! डोंगराच्या पायथ्याशी, एका करंजाखाली पाखरांची शाळा भरत असे. शाळेमागे धुळीचे दोन खळगे होते, एक मुलांचा, एक मुलींचा, आणि दोन्हींभोवती करवंदीचं दाट कुंपण. पाखरं धुळीत लोळून आंघोळ करतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. तसं केलं की पिसांतल्या पिसवा झडतात. म्हणून भारद्वाज गुरुजींचा नियमच होता, धुळीत आंघोळ केल्याशिवाय मैदानावर पाय ठेवायचा नाही.

त्या शाळेत निळाई नावाची लांडोर शिकत होती. ती अंड्यातून बाहेर आली तेव्हा सगळ्यांनी तिला मोर ठरवलं आणि नाव ठेवलं निळू. पण बोलायला लागल्यापासून ती एकच सांगे, "मी मोर नाही गं आई, मी लांडोर आहे." आईनं आधी दटावलं, मग समजावलं, आणि शेवटी तिला पंखाखाली घेऊन म्हणाली, "बरं बाई, निळाई तर निळाई." आणि ही निळाई धावायची काय, बाप रे! मागे नुसता धुरळा दिसायचा. यंदाची लांब पल्ल्याची शर्यत धावायची, एवढा एकच ध्यास तिनं घेतला होता.

पण धावायचं तर आंघोळ हवी, आणि अडलं ते तिथेच. मुलांच्या खळग्यात गेली की दांडगट कोंबडे तिच्या डोळ्यांत धूळ उडवायचे. एकदा तर त्यांनी तिची तीन पिसं उपटली. मुलींच्या खळग्याकडे वळली की टिटवीमावशी आडवी यायची. ही टिटवी म्हणजे आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपणारी! तिनं सभाच बोलावली. "मान निळी ती निळीच! आज हिला आत सोडलं, तर उद्या एखादं रानमांजर लांडोरीची पिसं खोचून आत शिरेल, मग काय करायचं?" असं म्हणाली. छोटी लावी मान खाली घालून पुटपुटली, "माझी पिसं गळतायत. कुणी पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं." बिचारीचं खोटं नव्हतं. निळाईची आई उठली आणि म्हणाली, "मग माझ्या लेकरानं आंघोळ करायची कुठे, ते तरी सांगा!" गुरुजींनी घसा खाकरला, "विचार करू" म्हणाले, आणि विचार करतच राहिले. तेवढ्यात म्हातारा होला म्हणाला, "मागच्या कुंपणाला भोक पडलंय, दिवाळीपासून सांगतोय मी." पण त्याचं कोण ऐकतंय! सगळे निळाईच्या मानेकडेच बघत होते.

शर्यतीचा दिवस उजाडला! ढोलावर सुतारपक्षी, मैदानाभोवती फुलांच्या माळा, नुसता कल्ला! मुलींच्या खळग्याच्या दारात टिटवीमावशी आणि दोन धिप्पाड कोंबडे जातीनं पहारा देत होते. येणाऱ्या प्रत्येक मुलीची मान, शेपूट, तुरा तपासूनच आत सोडत होते. निळाई करंजाच्या फांदीवर बसून होती. आठ दिवस आंघोळ नाही, अंगाला सारखी खाज, आणि खाली नावं पुकारायला सुरुवात झालेली. तिला रडूच कोसळणार होतं, इतक्यात तिला मागच्या कुंपणाशी काहीतरी हललेलं दिसलं. ठिपक्यांची शेपटी! रानमांजर! त्याला ना पिसं खोचावी लागली, ना दारात यावं लागलं. भोकातून ते सरळ आत आलं होतं, आणि खळग्यात लावी डोळे मिटून मजेत लोळत होती.

"पळा! मांजर! मांजर आलंय!" निळाई जीव तोडून केकाटली. टिटवी वर बघून म्हणाली, "पाहिलंत ना, सुरू झाला हिचा तमाशा!" झालं! निळाईनं पुढचामागचा विचार न करता उडी घेतली. टिटवीच्या डोक्यावरून, कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून ती धाडकन त्या बंदी घातलेल्या खळग्यात उतरली. फडफड, फडफड, धुळीचा हा एवढा लोट! मांजरानं झेप घेतली, पण त्याच्या तोंडात लावी आलीच नाही, आली निळाईची अर्धी शेपटी. डोळ्यांत धूळ, नाकात धूळ, फसाफसा शिंकत ते आल्या भोकानं पसार झालं.

मग काय विचारता! लावी सुखरूप, सगळीकडे जल्लोष! टिटवीमावशी पुढे येऊन मोठ्या दिमाखात म्हणाली, "शाबास गं पोरी! बक्षीस म्हणून आजपासून तुला हा खळगा मोकळा." सगळ्यांनी पंख वाजवले. निळाईनं मात्र अंगावरची धूळ झटकली आणि विचारलं, "मावशी, मांजर आलंच नसतं तर?"

ढोल थांबला. लावी पुढे आली. "गुरुजी, मला लाज वाटते ती सगळ्यांचीच, या माझ्या मैत्रिणींचीसुद्धा. मला आडोसा हवाय हो. निळाईला हाकलायला मी कधी सांगितलं होतं?" गुरुजींचे लाल डोळे आणखी लाल झाले. "चुकलं माझं. विचार करत बसलो आणि करायचं ते राहून गेलं," ते म्हणाले. त्याच दिवशी भोक बुजवलं, आणि दोन्ही खळग्यांत करवंदीच्या फांद्या रोवून आडोसे केले. ज्याला हवा त्यानं घ्यावा, कुणी कुणाला विचारायचं नाही. निळाईची पिसं उपटणाऱ्या कोंबड्यांना भोक बुजवायच्या कामाला लावलं, ते वेगळंच!

आणि शर्यत? निळाईची आंघोळ होईपर्यंत ती थांबवून धरली होती! कितवी आली म्हणता? तिसरी! अर्धी शेपटी गेल्यावर वळणावर तोल कसा राहणार? पण ती हसत हसत पोहोचली. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिच्या अंगाला खाज सुटत नव्हती.

तात्पर्य : जे सगळ्यांच्याच गरजेचं आहे, ते मिळवायला कुणाला पराक्रम करावा लागू नये, आणि दारातल्या लेकरावर पहारा बसवण्याआधी आपलं कुंपण तपासावं.