ज्या तोंडावर गिलावा धरेना

"मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

अँथूसानं थापी फरशीवर आदळली. चुन्याचे शिंतोडे तिच्या काळ्या झग्यावर उडाले.

अम्मा डोम्निकांनी मान वर केली नाही. त्या घमेल्यात चुना आणि गवताचा भुसा कालवत होत्या. बोटं वाकडी झालेली, पण कालवणं असं की घरी कणीक मळावी.

"भुसा कमी पडतोय," त्या म्हणाल्या. "आण."

"मी काय विचारलं?"

"ते फोडतात. आपण झाकतो. भुसा आण."

अँथूसा भुसा आणायला गेली ती पाय आपटत.

राजधानीतून हुकूम सुटला होता. देवळात चित्र नको. ख्रिस्ताचं नको, त्याच्या आईचं नको, कुणा संताचं नको. भिंतीवर क्रूस काढा, वेली काढा, पण माणसाचं तोंड दिसता कामा नये. चित्रापुढं हात जोडणं पाप आहे असं सम्राटाला एकाएकी वाटायला लागलं होतं. सम्राटाला काय, काहीही वाटू शकतं. भोगायचं भिंतींनी.

खालच्या गावातलं देऊळ कालच फोडून झालं होतं. त्याचा धुरळा या डोंगरावरच्या मठातून दिसला होता. ज्या देवळात भिंती आधीच पांढऱ्या सापडल्या, तिथून शिपाई हात न लावता पुढं गेले, अशीही बातमी होती. उन्हं डोक्यावर येईतो ते इथं पोचणार होते.

मठ बायकांचा. देऊळ बुटकं, दगडी. वेदीमागं अर्धगोल कोनाडा, आणि त्या कोनाड्यात काचखड्यांचं चित्र. मधोमध मरियामाता, मांडीवर बाळ. दोन्ही बाजूंना दोन देवदूत.

देवदूत अम्मांनी केलेले, ऐन उमेदीत. मातेचं तोंड अँथूसानं.

ते तोंड बघायला लोक घाट चढून येत. नखाएवढा एकेक खडा. गालाला गुलाबी, सावलीला हिरवट, कपाळामागं सोन्याचा वर्ख भरलेली काच. आणि सगळं कसं, तळहात फिरवला तर कुठं अडकायचा नाही. अँथूसानं दगडानं घासघासून ते आरशासारखं केलं होतं. दर शनिवारी ती फडक्यानं त्याला ऑलिव्हचं तेल चोळायची.

"कशाला चोळतेस?" अम्मा एकदा म्हणाल्या होत्या.

"आईचं तोंड कोरडं ठेवू?"

अम्मा परत आपल्या कामाला लागल्या होत्या.

अम्मांच्या देवदूतांचं तेल-फडकं कुणी करत नसे. त्यांचे खडे वरखाली बसलेले. एक पुढं आलेला, एक मागं सरलेला, एक तिरका. नवीन आलेल्या पोरींना अँथूसा सांगायची, "बकरीचे दात बघितलेत ना? तसे बसवलेत." अम्मांच्या कानावर ते गेलेलं होतं. अँथूसालाही माहीत होतं की गेलेलं आहे.

ती भुसा घेऊन आली.

"देवदूतापासून सुरू कर," अम्मा म्हणाल्या.

अँथूसा तिवईवर चढली. थापीभर चुना देवदूताच्या पंखावर मारला. तो असा धरला, जसा काही तिथलाच. दुसरा मारला. तिसरा. खड्यांच्या फटीफटीत चुना शिरला, पुढं आलेल्या खड्यांना बिलगला आणि बसला. दुसऱ्या बाजूचा देवदूतही तसाच दिसेनासा झाला. बाळ आणि मातेचं अंगही झाकलं गेलं. तेही अम्मांच्याच हातचं होतं.

राहिलं तोंड.

अँथूसानं डोळे मिटले आणि थापी मारली.

थप्… चुना घसरला. हनुवटीवरून ओघळून खाली फरशीवर पडला.

मातेच्या ओठांवर नुसता पांढरा ओरखडा राहिला.

तिनं पुन्हा मारला. दाबून धरला. हात काढला, आणि चुना हातासोबतच आला.

"घट्ट कालवा," ती ओरडली. "पाणी जास्त झालंय!"

"पाणी तेच आहे."

अँथूसानं तिसऱ्यांदा मारला. तो काही क्षण राहिला. तिचा श्वास मोकळा झाला… आणि सबंध थर एकदम सुटला. मातेचं तोंड त्यातून जसंच्या तसं बाहेर आलं. स्वच्छ. तेलकट. हसतंय की काय असं.

बाहेर कुठंतरी घोडा खिंकाळला. लांब होता अजून.

"पडदा लावू," अँथूसा म्हणाली. ती तिवईवरून उतरली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली. "जाड पडदा. किंवा फळ्या ठोकू."

"पडदा ओढतात. फळ्या उचकटतात."

"मग मी दारात उभी राहते. माझ्यावरून जा म्हणावं!"

"जातील."

"जाऊ देत!"

"बरं. तुझ्यावरून गेल्यावर कुठं जातील?"

अँथूसाची नजर त्या तोंडाकडं गेली.

अम्मा उठल्या. कोपऱ्यातल्या अवजारांच्या पेटीतून त्यांनी एक हातोडी काढली. लहान, टोकदार. खडे फोडायची. अँथूसानं आयुष्यभर हीच हातोडी वापरली होती.

त्यांनी ती तिच्यापुढं धरली.

"हे काय?"

"जात्याला टाकी लावतात तशी लाव. आधी राखेनं तेल काढ. मग टोचे मार. जवळजवळ."

"कुठं?"

अम्मांनी नुसतं कोनाड्याकडं बघितलं.

अँथूसाला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा असा झाला की भट्टीतून काढलेली काच.

"तोंडावर?"

"नाहीतर धरायचा नाही."

"मी? ह्या हातानं?" ती मागं सरली. "मघाशी काय म्हणालात? ते फोडतात, आपण झाकतो. म्हणालात ना? आता सांगा. आता काय फरक राहिला? सांगा की!"

अम्मांनी हातोडी तशीच पुढं धरून ठेवली.

"नाही ना सांगता येत?"

"नाही."

एवढं सरळ उत्तर अँथूसाला अपेक्षित नव्हतं. तिनं तोंड फिरवलं. देवळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आली. दाराशी जाऊन कान दिला. परत आली. वेदीवरचं कापड उगाच सारखं केलं.

"तुमचं सूड उगवणं आहे हे," ती म्हणाली. "बकरीचे दात म्हटलं ना मी."

"म्हटलं होतंस खरं."

"म्हणजे मनात ठेवलंत!"

"ठेवलं. चांगलं होतं." अम्मांनी बाहीच्या टोकानं हातोडी पुसली. "बकरी हसते तेव्हा तशीच दिसते."

मग त्या तिवईवर चढायला लागल्या.

त्यांना चढता येत नव्हतं. एक गुडघा वर, मग कोनाड्याच्या कडेला धरून दुसरा. वर उभ्या राहिल्या तेव्हा तिवई डुगडुगली. त्यांनी हातोडी उचलली. हात कापत होता. टोक मातेच्या डाव्या डोळ्यासमोर आलं.

"अम्मा!"

अँथूसानं मनगट धरलं.

"डोळा आहे तो!"

"डोळा का? मला वाटलं हनुवटी."

"एवढंही दिसत नाही तुम्हाला? सगळं तोंड घालवाल!"

"घालवीन. तू सांग कुठं मारू."

"उतरा."

"वेळ नाही गं. आता येतील ते."

"उतरा म्हणते ना! द्या ती इकडं!"

अम्मा उतरल्या. चढल्या त्याच्यापेक्षा बऱ्याच लवकर. काल संध्याकाळी याच बाईनं उजेड जाता जाता सुईत दोरा ओवला होता, हे अँथूसाला मागाहून आठवलं.

तिनं राखेनं ते तोंड घासलं. तिच्या सगळ्या शनिवारांचं तेल काळं होऊन निघालं.

मग हातोडी उचलली, आणि थांबली.

देऊळ इतकं शांत होतं की चुना सुकताना ऐकू यावा.

"कुठला खडा कुठं जोडलाय ते जगात एकटीला माहीत आहे मला," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "कुठला निघाला तर शेजारचा पडेल. कुठला गेला तरी चालेल…"

"मग?"

पहिला टोचा तिनं कपाळावर मारला. अगदी कडेला, केसांच्या रेघेजवळ.

टक्.

सोन्याची एक कपची उडून तिच्या गालाला लागली. तिनं ती पुसली नाही. दुसरा टोचा. तिसरा. कपाळावर, मग गालाच्या उतारावर, मग मानेवर. डोळ्यांच्या अलीकडं येऊन हात थांबायचा, वळसा घ्यायचा आणि पुढं जायचा. नाकाच्या शेंड्यापाशी तिनं दम धरून एकच टोचा मारला आणि ओठ स्वतःचा चावला. मातेच्या ओठांना मात्र हात लावला नाही.

रडत होती, पण हात नेमका पडत होता. असा हात तिनं कधी चालवला नव्हता, हे तिचं तिलाही कळत होतं, आणि त्याचाही तिला राग येत होता.

"झालं?" अम्मा म्हणाल्या.

"बघू नका. चुना द्या."

या वेळी चुना धरला.

थापी फिरली. कपाळ गेलं. गाल गेले. शेवटी डोळे राहिले, ते दोघींकडं बघत. अँथूसानं थापी उचलली, आणि तेही गेले.

शिपाई आले तेव्हा अँथूसा घमेलं धूत होती. तुकडीचा म्होरक्या जाडजूड, घामानं निथळणारा. त्याच्या भुवयांवर खालच्या देवळाचा धुरळा तसाच होता.

"म्हातारे, चित्रं कुठायत?"

"भिंत बघ."

त्यानं बघितली. पांढरी. ओली.

"कधी केला हा गिलावा?"

"सकाळी."

"सोंग करतेस? खाली काय आहे?"

अँथूसाच्या हातातलं घमेलं निसटलं. अम्मा खोटं बोलत नसत. मठात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि आत्ता या क्षणी त्याच्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नव्हती.

"खाली चित्र आहे," अम्मा म्हणाल्या.

शिपायांनी एकमेकांकडं बघितलं. कुणीतरी पहार उचलली.

"हुकूम काय आहे ठाऊक नाही तुला?"

"आहे की. तोंड दिसता कामा नये." अम्मा त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्यासारखीच मान वाकडी करून भिंतीकडं बघू लागल्या. "तुला दिसतंय?"

म्होरक्यानं भाला उलटा केला. दांड्यानं देवदूताच्या जागी ढोसलं. चुना दबला, धरून राहिला. मग तो मधोमध आला आणि जोर करून नेमका तिथं ढोसला.

अँथूसाचा जीव त्या दांड्याच्या टोकाशी गोळा झाला.

चुना थरथरला…

राहिला.

दांड्याची वाटोळी खूण तेवढी उमटली.

"पडला असता तर फोडावं लागलं असतं," म्होरक्या म्हणाला. आवाज थोडा उतरला होता. "कालपासून हात भरून आलेत सगळ्यांचे. कुणी केला हा?"

अम्मा भिंतीकडंच बघत राहिल्या.

"मी," अँथूसा म्हणाली.

"गवंडी आहेस?"

तिच्या हातचं बघायला धर्मगुरू घाट चढून आले होते.

"हो."

"चांगला हात आहे. माझ्या घराचा सगळा पोपडा निघालाय. तुझ्यासारखी कुणी मिळायला पाहिजे होती." तो दाराकडं वळला. "क्रूस काढा त्यावर. तांबडा. मी परत येईन तेव्हा दिसायला पाहिजे."

टापांचा आवाज उतारावरून कमी कमी होत गेला.

मठातल्या बाकीच्या बायका दाटीवाटीनं आत आल्या. कुणी रडल्या, कुणी अँथूसाचे हात हातात घेतले. तिनं ते काढून घेतले. सगळ्या निघून गेल्या तरी ती बसेना. भिंतीपाशी जायची, बोटानं चुना चाचपायची, मागं यायची. फरशीवर पडलेल्या कपच्या तिनं वेचून झग्याच्या ओच्यात घेतल्या आणि काय करायचं ते न सुचून तशीच हिंडत राहिली.

"बस गं," अम्मा म्हणाल्या. "मला चक्कर येते तुझ्याकडं बघून."

"सम्राट मरेल कधीतरी."

"सगळेच मरतात."

"मग दुसरा येईल. तो म्हणेल, चित्रं उघडा. तोवर आपण नसू. इथं नवीन कुणी असेल. ते हा गिलावा काढतील." तिचा आवाज चिरकला. "आणि काय दिसेल त्यांना? भोसकलेलं तोंड! कपाळ फोडलेलं, गाल फोडलेले. देवदूत बघा, कसे धडधाकट! म्हणतील, कुठला कसाई होता हा? आईच्या तोंडावर हातोडी चालवली ह्यानं. कुणाला कळणार आहे का, की…"

ओच्यातल्या कपच्या तिनं मुठीत आवळल्या.

अम्मा चुन्यानं भरलेली नखं एकेक करून कोरत होत्या.

"शिव्या देतील?" त्यांनी विचारलं.

"देतील नाहीतर काय! माझ्या हाताला शिव्या देतील. पिढ्यान् पिढ्या."

"नक्की?"

"नक्की."

अम्मांनी मान हलवली.

"मग झालं तर. तोंड उरलं तरच शिव्या देतील ना? त्या शिव्यांसाठीच तर गिलावा केला, पोरी."