लिंबाजीची ओ

एका टोळीत एक शिकाऊ होता. गोष्ट खरं तर 'एका गावात' अशी सुरू व्हायला हवी, पण विजेचे खांब उभे करणाऱ्या या टोळीला स्वतःचं गाव असं नव्हतंच. आज इथे, तर पंधरवड्याने तिथे. ट्रॅक्टरवर तारांची वेटोळी, दोर, शिड्या, पातेली आणि वळकट्या लादायच्या, वर आपण बसायचं आणि जिथे वीज पोचली नाही तिथे जायचं. शाळेची ओसरी मिळाली तर शाळेत मुक्काम, नाहीतर देवळात.

शिकाऊ पोराचं नाव दिगंबर. सगळे त्याला दिगू म्हणत. आयटीआय करून तो टोळीत आला, तेव्हा त्याला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी आपण खांबावर! पहिल्या दिवशी त्याच्या हातात पहार आली. कित्येक दिवस त्याने नुसते खड्डे खणले. मग दोराने वर हत्यारं पाठवायचं काम मिळालं. वरून "दे!" एवढीच आरोळी यायची, आणि पक्कड हवी की पाना हे खालच्याने ओळखायचं. ओळखायला चुकला की हत्यार परत खाली येई आणि सोबत चार शेलक्या शिव्याही येत. दिगूला हे सगळं आवडू लागलं. तळहातांना घट्टे पडले, रंग रापला, भूक दुप्पट झाली. प्रत्येक गावात एखादी म्हातारी विचारायची, "लगीन झालं का रं तुझं?" तो नाही म्हणाला की त्याच्या ताटात आणखी एक भाकरी पडायची. असं शिक्षण कुणाला नको असेल?

दिगू होताही लाघवी. कुणाला नाही म्हणणं त्याला जमतच नसे. शिवाय नकला करण्यात पटाईत. आयटीआयमध्ये अर्धा वर्ग कॅन्टीनमध्ये असायचा आणि दिगू एकटा निरनिराळ्या आवाजांत "हजर सर!" म्हणत बसायचा. टोळीतही जेवणं झाली की तो एकेकाचा आवाज काढी. लिंबाजीचा तर इतका हुबेहूब काढी की खुद्द लिंबाजीला हसता हसता ठसका लागे. लिंबाजी म्हणजे टोळीतला सगळ्यात सावकाश माणूस. कामाला चोख, पण हाक मारली की त्याचं उत्तर शेजारच्या तालुक्यातून आल्यासारखं येई.

टोळीचा मुख्य होता कोंडिबा मिस्त्री. त्याची एक रीत होती. काम संपलं, की तारेत वीज सोडायला सांगण्याआधी तो एकेकाचं नाव घेऊन हाक मारी. ज्याचं नाव, त्यानेच दोन्ही पाय जमिनीला टेकवून "खाली!" अशी ओ द्यायची. सगळ्यांची ओ आली, तरच मिस्त्री उपकेंद्रात फोन करी. दिगू आला त्याच दिवशी मिस्त्रीने बजावलं होतं, "हितं दुसऱ्याची ओ कुणी देत न्हाई. दिली, तर त्याच दिवशी त्याची वळकटी एसटीत." दिगूने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

फिरत फिरत टोळी बोरदऱ्याला आली. डोंगराच्या कुशीतली ही वाडी. तिथल्या बायका दळणाचं ओझं डोक्यावर घेऊन डोंगर उतरायच्या आणि पीठ घेऊन पुन्हा चढायच्या. आता गोदाक्का नावाच्या बाईने वाडीतच गिरणी मांडली होती. गिरणी नवी, पाटी नवी, वीज तेवढी नव्हती. काम संपायच्या दिवशी सगळी वाडी गिरणीपुढे जमली. घरोघर पुरणपोळ्या झाल्या होत्या, पण गोदाक्काने जाहीर केलं होतं, की गिरणी फिरल्याशिवाय पंगत बसणार नाही. टोळीच्या पोटात कावळे कोकलत होते. दिगूच्या मनात मात्र लाडू फुटत होते. पुढच्या गावी तुला कमरेचा पट्टा देतो, असं मिस्त्रीने त्याला सकाळीच सांगितलं होतं. पट्टा मिळाला की शिकाऊ पहिल्यांदा खांबावर चढतो.

मिस्त्री तारांकडे नजर लावून पाठमोरा उभा राहिला. माणसं कामं आवरत इकडेतिकडे पांगली होती. हाका सुरू झाल्या.

"शिवा!"

"खाली!" ट्रॅक्टरपाशी शिडी बांधणारा शिवा ओरडला.

"उस्मान!"

"खाली!" दोर गुंडाळणाऱ्या उस्मानने गिरणीमागून ओ दिली.

"लिंबाजी!"

उत्तर आलं नाही.

"अहो, तो मघाच उतरला की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "म्या डोळ्यानं बघितला."

दिगूनेही त्याला उतरताना पाहिलं होतं. गेला असेल ओढ्यावर हातपाय धुवायला. मिस्त्री उपाशी असला की त्याचा पारा लवकर चढतो. आता बिचाऱ्या लिंबाजीला चारचौघांत बोलणी बसणार. दिगूला त्याची दया आली. मिस्त्रीने दुसऱ्यांदा हाक मारली, आणि दिगूच्या तोंडून लिंबाजीचा जाड, लांबट आवाज आपसूक निघून गेला, "खालीऽऽ!"

मिस्त्रीने फोन कानाला लावला. गोदाक्का ज्वारीची पाटी उचलून गिरणीकडे वळली.

दिगूला क्षणभर बरं वाटलं. एकाची बोलणी वाचवली, शंभर जणांची पंगत लवकर बसवली. मग त्याची नजर ओढ्याच्या वाटेकडे गेली. लिंबाजी उतरला होता, हे खरं. पण आत्ता तो कुठे आहे? ओढ्यावर, हे आपल्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. आपणच ठरवलं.

सांगावं, तर वळकटी एसटीत. पट्टा गेला, टोळी गेली, ट्रॅक्टरवरची ती उंच जागाही गेली. आणि सगळ्या वाडीपुढे नाक कापलं जाणार ते वेगळंच. न सांगावं, तर बहुतेक काहीच होणार नव्हतं. लिंबाजी ओढ्यावरून मिशा पुसत आला असता आणि कुणाला काही कळलंही नसतं. तिकडे मिस्त्री फोनवर बोलू लागला होता, "हां साहेब, बोरदरा लाइन. समदी माणसं..."

"मिस्त्री, थांबा!" दिगू जिवाच्या आकांताने ओरडला. "ती ओ माझी होती! लिंबाजीदादांची न्हवती!"

मिस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, मी सांगेपर्यंत सोडू नका," एवढं तो फोनवर म्हणाला आणि लाइनीखालून पळत सुटला. मागोमाग सगळेच पळाले.

वळणावर चिंचेची झाडं होती. त्यांच्या आड शेवटचा खांब होता. आणि त्या खांबावर, पट्टा बांधून, दोन्ही हातांनी तार धरून लिंबाजी निवांत काम करत होता. खालची गर्दी पाहून त्याला आश्चर्य वाटलं. "ही बांधणी मनासारखी बसली न्हवती," तो वरून म्हणाला. "आलोच."

दिगू तिथेच मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

लिंबाजी उतरला. झाला प्रकार त्याला कळला. मिस्त्री दिगूकडे वळला आणि म्हणाला, "वळकटी बांध."

दिगू उठला. त्याने एका शब्दाने हुज्जत घातली नाही. तो ट्रॅक्टरच्या वाटेला लागला, तोच लिंबाजीने त्याचा दंड धरला.

"मिस्त्री, मग माझीबी बांधा," तो म्हणाला. "म्या कुणाला न सांगता परत चढलो. माझी चूक आदीची."

"तुम्ही दोघं गेल्यावर तारा काय मी दातानं ओढू?" मिस्त्री कडाडला.

"ओ माझी हुती. चोरी झाली ती माझ्या वस्तूची. मग निवाडा मला करू द्या," लिंबाजी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतका भराभर बोलत होता. "पट्टा पुढच्या गावाला न्हाई. त्याच्या पुढच्याबी न्हाई. खणू दे खड्डे. पर ज्या दिवशी ह्यो चढंल, त्या दिवशी खाली मी उभा ऱ्हाईन."

मिस्त्रीने एकदा लिंबाजीकडे, एकदा दिगूकडे पाहिलं. मग तो "हं" म्हणाला. मिस्त्रीचं 'हं' म्हणजे कोर्टाचा शिक्का.

सगळे गिरणीपाशी परतले. हाका पहिल्यापासून झाल्या. शिवा खाली, उस्मान खाली. लिंबाजीने तर दोन्ही पाय आपटून ओ दिली आणि वाडी खदखदून हसली. मिस्त्रीने फोन काढला, पण नंबर लावला नाही. शिकाऊ माणूस खांबावर चढत नाही, म्हणून त्याचं नाव हाकेत कधीच घेत नसत. त्या दिवशी मिस्त्रीने घेतलं.

"दिगंबर!"

दिगूने आधी आपल्या पायांकडे पाहिलं. मग डोळे पुसले आणि ओ दिली, "खाली!" आवाज चिरका निघाला, पण त्याचाच होता.

मग तारेत वीज आली, गिरणी घरघरली आणि पंगत बसली.

तात्पर्य: दुसऱ्याचं ओझं खुशाल उचलावं, पण दुसऱ्याची ग्वाही आपण देऊ नये, आणि दिली गेलीच, तर लाज गिळून ती वेळेवर परत घ्यावी.