कुशीवर

“...आणि शेवटी म्हणणार, ‘मी एकट्याने दारूला हरवलं!’ कसं वाटतं, भंते?”

बौद्ध भिक्खू असलेले भंते सुमंगल आपलं चीवर, अंगावरचं भगवं वस्त्र, विहाराच्या ओट्यावर वाळत घालत होते.

प्रज्योत वाहुळेने भाषण पाठ करून आणलं होतं. गेल्या वर्षी दारूपायी मरता मरता वाचलेला हा पोरगा आता थेंबालाही शिवत नव्हता. म्हणून कॉलेजने उद्या नव्या मुलांसमोर बोलायला त्यालाच उभं करायचं ठरवलं होतं.

“प्रज्योत, त्या दिवशी कसा पडला होतास? दाखव.”

“इथं?”

“इथंच.”

तो कसंनुसं हसला आणि फरशीवर उताणा झाला.

“असाच सापडलास दवाखान्याच्या गाडीला?”

“नाही... कुशीवर होतो. डॉक्टर म्हणाले, उताणा असता तर ओकारी श्वासात जाऊन...”



“शुद्ध नव्हती ना तुला?”

“नव्हती.”

“मग कुशीवर कोणी वळवलं?”

...

प्रज्योत छताकडे बघत तसाच पडून राहिला.

गेल्या वर्षीची, क्रिकेटच्या अंतिम सामन्याची ती दुपार होती. वसतिगृहाच्या खोलीत पैज लावून त्याने बाटली तोंडाला लावली होती. तो कोसळला तेव्हा खोलीतले सगळे म्हणाले होते, “झोपू द्या, उतरेल.” एकट्या नागनाथने ऐकलं नाही. नागनाथ टेकाळे, त्याच्याच खोलीतला. सगळे अडवत असताना त्याने रेक्टरला बोलावलं. गाडी आली, घरी कळलं, अख्खं सत्र बुडालं. तेव्हापासून प्रज्योत त्याला चुगलखोर म्हणायचा. समोर आला की मान फिरवायचा.

तो उठून बसला. खिशातून फोन काढून त्याने नागनाथला लावला.

“नाग्या...”



“बोल.”

“त्या दिवशी मला कुशीवर तू केलंस?”

“मग काय! परत परत उताणा होत होतास. तुझ्या पाठीला गुडघा लावून बसलो, गाडी येईपर्यंत. श्वास मधेच थांबल्यासारखा वाटायचा... माझी तर पाचावर धारण बसली होती.”

“आणि मी तुला चुगलखोर म्हणत राहिलो.”

“म्हण की. म्हणायला जिवंत राहिलास, तेवढं बास.”

प्रज्योतचा बांध फुटला. वर्षभर अडलेलं रडू फरशीवर टपटपत राहिलं. पलीकडे नागनाथने फोन ठेवला नाही. मध्येच म्हणाला, “रड रड, मी आहे.”

“नाग्या, तुझे उपकार...”

“गप ए. चहा पाज.”

किती तरी दिवसांनी दोघं हसले. उद्या कॉलेजात बोलायला यायचं नागनाथने कबूल केलं.

फोन ठेवून प्रज्योतने तोंड धुतलं. मग भंतेंपुढे तीनदा वंदन केलं.

“भंते, मी एकट्याने दारूला हरवलं नव्हतं. उद्या बोलायला नागनाथ येतोय. बेशुद्ध मित्राला झोपू द्यायचं नसतं, कुशीवर करायचं, एकटं सोडायचं नाही, मदत बोलवायची, भले शिव्या बसोत. हे त्यानेच सांगावं.”

“बरं.”

“पण माझंही नाव लागलंय कार्यक्रमात. त्याच्या शेजारी नुसता बसून मी काय करू?”

भंते चीवराची सुरकुती हाताने सारखी करत होते.

“श्वास घे,” ते म्हणाले. “सगळ्यांना दिसू दे.”