इलाहीचाचांची सही

“पण बसला ना ठोकळा? मग सही का नाही करत, चाचा?”

लोखंडी चौकटीत बसवलेला ठोकळा इलाहीचाचांनी खिडकीसमोर धरला, एक डोळा मिटला आणि फटीतून उजेड येतो का ते पाहिलं. कुठूनच येत नव्हता.

“बसला,” ते म्हणाले.

“मग?”

“झकास बसला.”

“अहो, मग...?”

आता एवढ्या तोऱ्यात विचारणारी ही कोण, ते सांगायला हवं. संयुक्ता डांगे. नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली, विज्ञान प्रदर्शनात तालुक्यात तीनदा पहिली आलेली, आणि ही गोष्ट कुणी विचारली नाही तरी सांगणारी. कराडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शाळेतल्या मुलामुलींसाठी पाच दिवसांचं निवासी शिबिर होतं. हॉस्टेलवर राहायचं, मेसमध्ये जेवायचं, दुपारी सिव्हिल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर अशा एकेका विभागात डोकावायचं आणि आपल्याला हे जमेल का, आवडेल का, ते चाचपून बघायचं. सकाळचे तीन तास मात्र पाचही दिवस वर्कशॉपमध्ये. तिथं राज्य इलाहीचाचा मुजावरांचं.

चाचांकडं काम एकच, वर्कशॉपच्या भाषेत ‘जॉब’. लोखंडी पट्टीत ओबडधोबड पाडलेलं चौकोनी भोक, आणि एक ठोकळा. दोन्ही कानशीनं घासायचे. ठोकळा भोकात असा बसला पाहिजे की मधून उजेड दिसता कामा नये. चाचांच्या पसंतीला उतरला, तर शिबिराच्या प्रमाणपत्रावर खाली त्यांची सही. नाहीतर तो रकाना कोरा. चाळीस पोरांत फार तर चार-पाच जणांना ती सही मिळायची, आणि बाकीच्यांचं तिच्यावाचून काही अडायचं नाही.

संयुक्ताचं मात्र अडत होतं.

तिचे वडील, जालिंदर डांगे, एसटीचे ड्रायव्हर. चाचा कॉलेजात यायच्या आधी त्यांच्याच डेपोत फिटर होते. सकाळी गाडी तपासून चाचांनी रजिस्टरवर सही केली की डांगे गाडी काढायचे. सही नसली तर साहेब कितीही ओरडू देत, हे आपले चहा पीत बसायचे. अशी एकोणीस वर्षं गेली होती.

पोरगी इंजिनिअर व्हायचं म्हणाली तेव्हा डांगे म्हणाले होते, “कॉमर्स घे. बँकेत लाग. यंत्राच्या कामात चूक झाली तर खाडाखोड करता येत नाही. माणसं जातात.”

तिनं दोन दिवस जेवण सोडलं. आई मधल्या मधे रडकुंडीला आली.

तेव्हा डांगे म्हणाले, “बरं. त्या शिबिरात इलाहीभाई आहेत. त्यांनी सही केली, तर सायन्स. नाही केली, तर हा विषय घरात परत काढायचा नाही.”

तर असं होतं सगळं. आणि तिसऱ्याच दिवशी, बाकीची पोरं अजून घाम पुसत असताना, हिचा ठोकळा बसला होता. तोरा असायचाच.

चाचांनी ठोकळा काढला. एका बाजूनं फिरवला. परत चौकटीवर ठेवून दाबला.

जाईना.

“असा नाही, चाचा!” संयुक्ता पुढं झाली. “त्या कोपऱ्यावर टिंब आहे बघा. चौकटीवरपण आहे. टिंबासमोर टिंब आलं पाहिजे.”

“टिंब तू मारलंस?”

“हो. पंचनं. म्हणजे बसवणाऱ्याची चूक व्हायला नको.” स्वतःच्या हुशारीचं तिला फार कौतुक होतं.

“डोळे मीट.”

“काय?”

“मीट की, पोरी.”

तिनं मिटले. चाचांनी एका हातात चौकट दिली, दुसऱ्या हातात ठोकळा.

“बसव.”

पहिल्यांदा अडला. फिरवला, परत अडला. तिसऱ्या वेळी बोटाचं साल निघालं आणि मागं कोणीतरी फिसकन हसलं. चौथ्यांदा गेला.

“बसला!”

“चौथ्यांदा.”

“पण बसला की नाही?”

“गाडीखाली उताणा पडलेला असतो फिटर,” चाचा म्हणाले. “डोळ्यांत ऑइल गळत असतं. त्याला तुझं टिंब कोण दाखवणार?”

“मी सांगीन ना.”

“तू असशील तिथं?”

संयुक्तानं ठोकळ्यावरचं टिंब अंगठ्यानं झाकलं.

“चारी बाजूंनी बसला पाहिजे,” चाचा म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडं गेले.

पोरगी जिद्दीची, हे मानलं पाहिजे. त्या दिवशी तिनं दुपारच्या विभागांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. शिबिराचे सर रागावले, तर त्यांनाच तिनं चारी बाजूंचं गणित समजावून सांगितलं. इकडून दोन हात कानस मार, बसवून बघ. तिकडून तीन हात मार, परत बघ. तळहाताला फोड आला तर त्यावर रुमाल गुंडाळला आणि घासत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी ठोकळा चारी बाजूंनी गेला. आणि आनंदानं नाचायच्या आधी तिनं तो खिडकीसमोर धरला.

एका कडेला उजेडाची रेघ. केसाएवढी, पण होती.

जास्त घासलं गेलं होतं. लोखंडाचं हे असंच असतं, काढलेलं परत लावता येत नाही. ती कितीतरी वेळ त्या रेघेकडं बघत राहिली.

“चाचा, मला दुसरा ठोकळा द्या.”

“माणशी एक.”

“पण चाचा...”

“मला डेपोत वीस गाड्या होत्या, पोरी. बिघडली म्हणून एकपण बदलून मिळायची नाही.”

जेवायची घंटा झाली. सगळे मेसकडं पळाले. संयुक्ता मागं राहिली.

खिडकीत ग्रीसचा डबा होता. टेबलाखाली लोखंडाचा कीस पडलेला होता, तिनं स्वतःच पाडलेला. चिमूटभर कीस, बोटभर ग्रीस. तिनं दोन्ही कालवलं, नखानं त्या फटीत भरलं, वरून कापडानं स्वच्छ पुसून घेतलं आणि उजेडासमोर धरलं.

रेघ गेली होती!

खरं सांगायचं तर तिला लाज वाटली. पण थोडीच. केसाएवढी तर फट, तिच्यामुळं कुणाचं काय बिघडतंय? एकदा सायन्स मिळू दे, मग शिकू की सगळं नीट. अशी मनाची समजूत घालून ती जेवायला गेली आणि दोन वाट्या आमटी ओरपली.

पाचव्या दिवशी पालक आले. डांगे इस्त्रीचा शर्ट घालून वर्कशॉपच्या दारात उभे राहिले. आत जायला त्यांना जरा संकोच वाटत होता.

“सलाम, इलाहीभाई.”

“या, या डांगे. आज गाडी कुठली?”

“आज रजा टाकली. हिचा निकाल ना.”

“मग बघू या तर.”

टेबलावर चाळीस ठोकळे मांडलेले होते, प्रत्येकाखाली ज्याचं त्याचं प्रमाणपत्र. चाचा संयुक्ताच्या ठोकळ्यापाशी आले. उचलला. खिडकीसमोर धरला. डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला.

उजेड नाही.

त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. मग अंगठ्याकडं पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून अंगठा सावकाश पुसला आणि रुमाल घडी करून परत ठेवला.

रुमाल खिशात जाईपर्यंत संयुक्ता त्याच्याकडं बघत होती.

चाचांनी दुसऱ्या खिशात हात घातला. त्यांनी पेन काढलं. टोपण उघडलं. प्रमाणपत्र पुढं ओढलं.

‘करतायत!’ तिच्या मनात आलं. ‘सही करतायत!’

“संयुक्ता,” चाचा म्हणाले. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिला नावानं हाक मारली होती.

“हां, चाचा?”

“समज, हा जोड बाबांच्या गाडीत आहे. ब्रेकला. गाडी कुंभार्ली घाटात आहे. मागं पन्नास माणसं.”

“समजले.” ती हसली. हसू जरा कोरडंच आलं.

“उतार लागलाय.”

“...हं.”

“करू सही?”

वर्कशॉपमध्ये बाकीच्या पालकांची गडबड चालली होती. कोणी फोटो काढत होतं, कोणी पोराच्या हातावरचे फोड बघून हळहळत होतं.

संयुक्तानं वडिलांकडं पाहिलं. ते ठोकळ्याकडं बघतच नव्हते. ते पेनाच्या टोकाकडं बघत होते, अगदी निर्धास्त. चाचांची सही झाली की एकोणीस वर्षांत त्यांनी एकदाही गाडीखाली वाकून पाहिलं नव्हतं. आजही ते पाहणार नव्हते.

“चाचा...”

“बोल.”

“थांबा.”

तिनं जॉब त्यांच्या हातातून घेतला. लाकडी हातोडीनं ठोकळा बाहेर काढला. चिंधी घेतली आणि चारी कडा खसाखसा पुसल्या. चिंधी काळी झाली. ठोकळा तिनं परत चौकटीत बसवला आणि खिडकीकडं वळली. चाचांना दाखवायला नव्हे. तिनं तो वडिलांच्या डोळ्यांसमोर धरला.

“इथं बघा, बाबा.”

“काय?”

“रेघ दिसतेय?”

डांगे वाकले. डोळे बारीक केले. “...दिसतेय.”

“फट आहे. मी ग्रीस आणि कीस भरून बुजवली होती. काल. सगळे जेवायला गेले होते तेव्हा.”

ती रडत होती. रडू आवरायचा तिनं प्रयत्नही केला नाही. पण आवाज खणखणीत होता आणि मान खाली गेली नव्हती.

“सही नका करू, चाचा,” ती म्हणाली. “घाटात नको ही गाडी.”

चाचांनी पेनाला टोपण लावलं. पेन खिशात ठेवलं.

डांग्यांनी प्रमाणपत्र उचललं. पोरीचं नाव छान वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. कॉलेजचा शिक्का होता. खालचा रकाना कोरा होता. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“सही नाही,” ते म्हणाले.

“नाही,” चाचा म्हणाले. “जॉब नापास आहे.”

“मी हिला शब्द दिला होता, इलाहीभाई. तुमची सही असली तर सायन्स...”

“माहीत आहे. सांगितलंय तिनं.”

“आणि सही तर नाही.”

“नाही.”

डांग्यांनी पोरीकडं पाहिलं. ती चिंधीनंच डोळे पुसत होती आणि तोंड काळं करून घेत होती.

“मग आता मी काय करायचं, इलाहीभाई?”

चाचांनी पुढच्या पोराचा जॉब उचलला.

“गाडी काढायच्या आधी हिला विचारत जा.”