कमानीवरची कप्पी

वाकणघाटाच्या माथ्यावर घोडागाड्यांच्या टप्प्याची जुनी सराई आहे. तिच्या कमानीवर, लाकडी सज्जाच्या तुळईला, एक लोखंडी कप्पी टांगलेली आहे. खाली विहीर नाही, नुसती फरसबंदी. तरी कप्पीतला दोर दरवर्षी नवा असतो. पाहुणे मान वर करून विचारतात, तेव्हा सराई राखणाऱ्या हौसाआजी आधी म्हणतात, "वाटेतून बाजूला व्हा, पोरांनो." वाटेवर तर काहीच नसतं.

सराई एका साहेबाने बांधली, विलायतेतल्या त्याच्या गावच्या सराईवरून. गाडीच्या टपावर बसलेल्यालाही वाकावं लागू नये इतकी उंच कमान, आत चौक, चौकाभोवती तबेले, वर उतारूंच्या खोल्या. टपावरच्या ट्रंका थेट सज्जात ओढून घ्यायला ही कप्पी. घाट चढून दमलेली घोडी इथे बदलत. वळणावर कर्णा वाजला की दरवाजा उघडायचा, हे काम सारजाचं. तिचा नवरा बहिरू गाडीवान होता.

असं सांगतात, की एका साली खालच्या मुलखात पटकीची साथ पसरली. सराईत पन्नासेक माणसं अडकलेली, त्यांत सारजाची तान्ही लेक. आजारी माणूस असेल ती गाडी आत घ्यायची नाही, असा साहेबाचा हुकूम. चौथ्या दिवशी दिवेलागणीला कर्णा वाजला. सारजा दरवाजाशी धावली. फटीतून पाहिलं, तर बहिरूच्या गाडीत एक उतारू आडवा पडलेला, घोड्यांच्या तोंडाला फेस. बहिरूने त्याला वाटेत टाकून दिलं नव्हतं.

ती आतूनच म्हणाली, "मागं फिरवा गाडी. पाया पडते तुमच्या."

"सारजे, घोडी तान्हेली हायेत," बहिरू म्हणाला. "तेवढं पाणी दे."

तिने अडसर धरला. दरवाजा किलकिला केला तर तो आत येईल, आणि आला तर आपल्याच्याने त्याला बाहेर लोटवणार नाही, एवढंच तिला दिसत होतं. तिने अडसर काढला नाही. बऱ्याच वेळाने चाकं वळल्याचा आवाज आला. घाटात धुकं उतरलं होतं. गाडी खालच्या गावाला पोचलीच नाही. ना घोडं सापडलं, ना माणूस.

सकाळी सारजा सज्जात गेली आणि तिची नजर कप्पीवर पडली. दरवाजा न उघडताही पाणी वरून सोडता आलं असतं. आत घे, असं तो म्हणालाच नव्हता. ती तिथेच खाली बसली, ती म्हणे दुपारपर्यंत उठली नाही.

त्या संध्याकाळपासून ती रोज भरली बादली खाली सोडू लागली. आठव्या दिवशी, झाडाचं पानही हलत नसताना, खाली खूर वाजले आणि हातातला दोर हलका होत गेला. तिने डोळे गच्च मिटून घेतले. वाकून पाहायचं धैर्य तिला जन्मात झालं नाही. बादली वर आली ती रिकामी, काठाला फेस. मग तिने घाईघाईने दोराला तांब्या बांधला.

"घोड्यांचं झालं," ती म्हणाली. "आता तुम्ही प्या."

दोर जडच राहिला.

आजही सराईतली बाई दिवेलागणीला आधी बादली सोडते, मग तांब्या. खाली कुणी पाहत नाही. बादली रिकामी होऊन येते. तांब्या मात्र, हौसाआजी सांगतात, इतक्या वर्षांत रोज भरलेलाच वर आला आहे.