चुकलेलं घर

"सगळं उसवू का, बाई?"

खांबेटेबाईंनी मान वर केली नाही. त्या तोरणाचे मणी ओवत होत्या. न बघता सुई निळ्या वाटीत बुडवायच्या. वर यायची ती मोजून तीन मणी घेऊन. मी चार वेळा मोजले. तीनच.

शाळेत त्यांनी आम्हाला गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्या घरीच भरतकाम शिकवू लागल्या. माझं एम.एस्सी. झालंय, पण त्यांच्यासमोर उभी राहिले की अजूनही पाढे विसरते.

"किती चुकलंय?"

"एक घर."

"एका घरासाठी अख्खा पोपट मारतेस?"

मी दोसुतीचं कापड त्यांच्या मांडीवर पसरलं. हिरव्या फुल्यांचा पोपट, समोर फुटलेलं डाळिंब. दोन महिन्यांचं काम. परवा गार्गीताईच्या लग्नात रुखवतात मांडायचं होतं. घरं मोजताना मी एकाने चुकले, आणि डाळिंबाला टेकायची ती चोच अलीकडेच राहिली.

मध्ये एक रिकामं घर. मला आता पोपट दिसतच नव्हता. तेवढंच दिसत होतं.

"कोण बघणार आहे, ऋचा?"

"ताईच्या होणाऱ्या चुलतसासूबाई. त्या रुखवतापाशी चष्मा लावून उभ्या राहतात."

"मग त्यांना खुर्ची दे."

मला हसू आलं नाही. मी कात्री उचलली.

"उसवलंस, तर परवापर्यंत पुन्हा भरून होईल?"

"नाही."

"मग मांडशील काय?"

मी कात्रीचं टोक चोचीपाशी नेलं.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी अशी दचकले की कात्री पडली, वाटी लवंडली, निळे मणी ओसरीभर झाले.

"चुकलं बाई, माझंच चुकलं, मी आत्ता भरते—"

"बस खाली."

त्यांनी शेजारच्या तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि फरशीवर टेकवलं. बोटाला पाच-सहा मणी चिकटले. ते वाटीत झटकले. पुन्हा बोट. घाई नाही, चिडणं नाही. रांगोळी घालावी तशा त्या मणी टिपत होत्या.

"सातवीतही अशीच दचकायचीस. मी पेपर वाटायला लागले की."

"त्यावर फुल्या असायच्या ना, बाई. लाल."

बाईंचं बोट फरशीवर तसंच राहिलं...

मग त्यांनी हात पुसला. डब्यातून लाल दोरा काढला, एका झटक्यात सुईत ओवला आणि सुई माझ्यापुढे धरली.

"चुकलंय ना? मार फुली."

"कुठे?"

"चुकलं तिथे."

मी सुई घेतली. रिकाम्या घरात एक तिरपा टाका घातला. त्यावर दुसरा, उलटा. गाठ मारून दोरा तोडला.

कापड लांब धरलं.

पोपटाच्या चोचीत डाळिंबाचा दाणा होता.

"बाई..."

पुन्हा शिट्टी झाली. मी पुन्हा दचकले. बाईंना ती ऐकूच आली नसावी. त्या चष्मा काढून त्या एका लाल फुलीकडे बघत राहिल्या.

"चौतीस वर्षं मुलांच्या वह्यांवर मी ह्याच मारल्या गं," त्या म्हणाल्या. "एकाही पोपटाला दाणा मिळाला नाही."