साहेबांचं भाषण आणि बंद खोली

खंडेनवमीला ऑफिसातल्या कॉम्प्युटरांची पूजा होती आणि मग सरनोबतसाहेबांचं तासाभराचं भाषण. त्याच सकाळी शाल्मली साहेबांच्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्रॅम बसवत होती.

"साहेब, हा कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या बंद खोलीत चालतो. त्याला तुमचं एकच फोल्डर वापरायला देते."

"एकच कशाला? अख्खी डिस्क दे! आत काय धुडगूस घालायचा तो घालू दे, बाहेर काय बिघडतंय?"

शाल्मलीने डिस्क दिली. मग कंटेनरमध्ये शिरून एक फाइल पुसली.

साहेब किंचाळले, "अगं, माझं भाषण गेलं!"

"असं कसं, साहेब? मी तर आतच धुडगूस घातला. तुमची खरी डिस्कच आत दिली होती ना!"

"एकच फोल्डर दे," साहेब पुटपुटले.

भाषणाची प्रत तिने आधीच काढून ठेवली होती. त्याबद्दल ऑफिसने तिला अजून माफ केलेलं नाही.